हा माझा काका नव्हे!

मंडळी, आज एका जुन्या इंग्रजी कादंबरीविषयी. जॅक फिनी यांची 'द बॉडी स्नॅचर्स'. १९५४ साली ती एका अमेरिकन नियतकालिकात क्रमशः आली, १९५५ ला पुस्तक निघालं, १९५६ ला सिनेमा. मी बी.कॉम.ला असताना आपल्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून एका रात्रीत संपवली होती.

कॅलिफोर्नियातलं लहान गाव. तिथला तरुण डॉक्टर माइल्स बेनेल. सगळं गाव त्याच्या ओळखीचं. एक बाई त्याला सांगते, घरात राहतो तो माझा काका नव्हेच! चेहरा तोच, आवाज तोच, मानेवरचा जुना व्रणसुद्धा तोच. जुन्या आठवणी विचारल्या तर बिनचूक सांगतो. फक्त माया नाही. मग दुसरा येतो, तिसरा येतो, तक्रार तीच. डॉक्टरचा मनोविकारतज्ज्ञ मित्र म्हणतो, हा सामूहिक भ्रम. पण ती बाई खरी ठरते. परग्रहावरून आलेल्या शेंगांमधून माणसांच्या नकला तयार होत असतात, आणि ज्याला झोप लागेल तो गेला. शेवटी डॉक्टरच्या जिवावर बेततं ते ओळखीच्याच माणसांकडून. शेवट सांगत नाही, वाचा.

पुढे बँकेत लागलो. काउंटरवर चेकवरची सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहायची, जुळली की पैसे द्यायचे. ओळख म्हणजे पुरावा, असा आमचा हिशेब. त्या बाईकडे तर सगळे पुरावे होते, तरी ती काकाला ओळखेना, याचं मला तेव्हा नवल वाटे.

ते नवल फिटलं आईच्या शेवटच्या दोन वर्षांत. विसरभोळेपणा वाढत गेला होता. एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोण? माझ्या मुलासारखे दिसता, पण तो तुम्ही नव्हेत." पोटच्या मुलाला अहो-जाहो! हिने जुने फोटो दाखवले, मी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. ती आणखीच घाबरली. म्हणाली, "याला सगळं पढवून पाठवलंय."

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, याला कापग्रा सिंड्रोम म्हणतात. जोसेफ कापग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३ साली त्याचं वर्णन केलं. मेंदूला चेहरा ओळखू येतो, पण त्या चेहऱ्याबरोबर उमटणारी आपुलकी उमटत नाही. मग मेंदूच अर्थ लावतो, हा तोतया. काहींच्या बाबतीत नुसता आवाज ऐकला की ओळख पटते. डॉक्टर म्हणाले, "वाद घालू नका. बाहेर जाऊन फोन करून बघा."

मी खाली ओट्यावर जाऊन फोन लावला. "आई, मी बोलतोय." पलीकडून लगेच, "अरे कुठे आहेस तू? लवकर घरी ये. इथे कोणीतरी परका माणूस येऊन बसलाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ओट्यावरून तिला फोन करीत असे. दहा मिनिटं मनसोक्त बोलायची.

कादंबरीत ती बाई खरी होती, आमच्या घरी डॉक्टर खरे होते. पण भीती दोघींची सारखीच खरी. आपल्यापैकी कुणाच्या घरी असं म्हातारं माणूस असेल तर पुरावे मांडत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, त्याची भीती कमी करा, आणि त्याला तुमची ओळख कुठल्या वाटेने पटते ती वाट शोधा.