जीर्ण गाडीचा हिशेब

मोखाड्याहून जव्हारला जाताना एका वळणावर, २०१८ च्या जानेवारीत, माझ्या मोटारसायकलचा मीटर पाच नवांवरून पाच शून्यांवर आला. मी गाडी थांबवून ते पाहिले. एक लाख किलोमीटर धावलेली गाडी निदान डोळ्यांपुरती कोरी करकरीत झाली होती. 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना शिकवताना मी हल्ली ह्या मीटरचे उदाहरण देतो. शून्यावर येण्यापूर्वीही तो खरे बोलत नव्हताच. २०१३ च्या पावसाळ्यात त्याची केबल तुटली होती आणि ती बदलायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांतले जाणे-येणे कुठेच नोंदलेले नाही.

गाडी हीरो होंडा स्प्लेंडर. २००७ च्या ऑगस्टमध्ये घेतली, तेव्हा मी मराठीचा एम. ए. होऊन जव्हारच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलो होतो. रस्त्यावर येईपर्यंत तिला चाळीस हजारांच्या आसपास पडले. आज तिच्याकडे पाहिले की ती एखाद्या जुन्या संहितेसारखी वाटते. तिच्यावरचा प्रत्येक तपशील आता इतिहासजमा आहे. टाकीवर ज्या कंपनीचे नाव आहे ती २०११ पासून त्या नावाने उरलेली नाही. पाटीवरचा एम. एच. ०४ हा ठाण्याचा क्रमांक; पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-मोखाडा त्यात गेले. गाडी जिथल्या तिथे उभी राहिली आणि जिल्हा बदलला.

पहिल्या दिवसापासून मी तिच्या खर्चाची वही ठेवली आहे. सुरुवातीची पाने कंटाळवाणी आहेत: ऑइल, प्लग, हवा. पाचव्या-सहाव्या वर्षापासून शब्दसंग्रह वाढू लागतो. क्लच प्लेट, कोन सेट, फोर्कचे ऑइल सील, ब्रेकचे लायनर, मागच्या चाकाचे बेअरिंग. २०२२ मध्ये इंजिन खोलले. ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि मजुरी मिळून साडेसहा हजार. घरात तेव्हा 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण ऐकावी लागली. त्याच वर्षी नोंदणीची पंधरा वर्षे भरली. त्या एप्रिलपासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क तीनशेवरून हजारावर गेले होते. पर्यावरण कर वेगळा. तपासणी झाली, पाच वर्षे वाढवून मिळाली, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी हेच शुल्क दोन हजार केले आहे. सरकारचे मत ह्या आकड्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

माझे मत मात्र वहीतून स्पष्ट होत नव्हते. मोखाडा-जव्हार जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास, वर्षाचे दोनशे दिवस, म्हणजे दहा हजार किलोमीटर. गाडी नवी असताना लिटरला पासष्टचे अॅव्हरेज देत असे, आता पन्नास देते. वर्षाला शेहेचाळीस लिटर पेट्रोल जास्त; शंभराच्या वर भाव धरला तर पावणेपाच हजारांचा फरक. दुरुस्ती गेल्या काही वर्षांच्या सरासरीने नऊ हजार. उलट नवी गाडी नव्वद हजारांची धरून दहा वर्षे वापरली तर वर्षाला नऊ हजार, शिवाय तिची स्वतःची किरकोळ देखभाल तीनेक हजार. दोन्हींमध्ये जेमतेम दोन हजारांचे अंतर पडते आणि कर्जाचे व्याज ते गिळून टाकते. इंजिनाला घातलेले साडेसहा हजार ह्या हिशेबात धरायचे नसतात, हे अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याने मला समजावले. गेलेला पैसा हा बुडीत खर्च, निर्णय पुढच्या वर्षाकडे पाहून करायचा. मला ते पटले. तरीही गॅरेजवर प्रत्येक वेळी मी 'एवढे केलेच आहे, तर' ह्याच शब्दांनी सुरुवात करीत आलो.

शिवाय किलोमीटर हे एकक सगळीकडे सारखे नसते. डहाणूच्या सपाटीवरचे दहा हजार आणि इथले दहा हजार यांत फार अंतर आहे. इथे चढाला दुसऱ्या गिअरवर इंजिन तापते, उताराला लायनर झिजतात. पावसाळ्यात लाल चिखल चेनवरचे ऑइल धुऊन नेतो आणि उन्हाळ्यात त्याचीच धूळ होऊन दात्यांत बसते. बैलबाजारात माणसे दात पाहतात: दुदाती, चौदाती, जुळलेला. पण जाणता शेतकरी दातांवर थांबत नाही, खांदा पाहतो. मीटर म्हणजे दात. खांदा आमच्या गॅरेजवाल्याला दिसतो.

वाङ्मयाच्या माणसाला अशा वेळी उसनी उदात्तता फार लवकर सापडते. मला मिलिंदपञ्ह आठवले. नागसेन राजाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि शेवटी रथ हे केवळ व्यवहाराचे नाव ठरते. माझ्या गाडीचे इंजिनाचे पोट नवे, चाकांच्या तारा नव्या, सीट दोनदा बदललेली. मग अठरा वर्षे मी ठेवली आहे ती काय? गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त वस्त्र टाकायला सांगतो, तर आपल्याकडचा जीर्णोद्धार हा शब्द तेच जीर्ण उचलून उभे करायला सांगतो. ह्यावर मी एका चर्चासत्रात वीस मिनिटे बोललोही. लोकांना आवडले.

आता जे लिहायचे आहे ते मी तिथे बोललो नव्हतो.

२०२३ च्या मार्चमध्ये गॅरेजवाला म्हणाला होता, "सर, चेन लांबली आहे. अजून ताणायला जागा नाही. स्प्रॉकेटचे दातेही आकड्यासारखे झालेत. सेटच टाका." त्याने बाराशे सांगितले. मी म्हटले, सुट्टी लागली की बघू. तासिकांचे मानधन तेव्हा बरेच महिने थकले होते, हे खरे. पण माझी पुस्तकांची वहीही आहे आणि त्याच महिन्यात तिच्यात एकवीसशे रुपयांची नोंद आहे, हेही खरे.

एप्रिलमध्ये परीक्षा होत्या. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा दिवाळीनंतर घरच्यांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला होता. तासांना तो जवळजवळ नव्हताच. मीच निरोपावर निरोप पाठवून त्याला पेपरांसाठी बोलावून घेतले होते. त्या सकाळी त्याची एस. टी. चुकली. तो स्टँडवर उभा दिसला आणि मी त्याला मागे बसवले. दोघे बसून चढाला लागलो. निम्म्या वाटेवर खटकन आवाज झाला, इंजिन मोकळेच ओरडू लागले आणि गाडी थांबली. चेन मागे रस्त्यावर पडली होती. मुलगा धावत जाऊन ती घेऊन आला, दोन्ही हातांना काळे लागलेले. "सर, लॉक गेलंय," म्हणाला. खिशात लॉक नव्हते. मोबाइलला रेंज नव्हती. एक जीप गेली, तिच्या टपावरही जागा नव्हती. भाजीच्या टेम्पोने आम्हांला घेतले तेव्हा पेपर सुरू झालेला होता. केंद्रावर पोचलो तर प्रवेशाचा अर्धा तास उलटून वीस मिनिटे झाली होती. मी केंद्रप्रमुखांना विनंती केली. त्यांनी नियम दाखवला, आणि पर्यवेक्षक म्हणून तोच नियम मीही दर वर्षी दाखवत आलो आहे.

मुलगा म्हणाला, "असू द्या सर, पुढच्या वेळी देतो." हात धुवायला नळ कुठे आहे, एवढेच त्याने विचारले. उरलेल्या पेपरांना तो आला नाही. भट्टीवर त्याची उचल अंगावर होती. एवढ्या दिवसांची मजुरी बुडवून तो त्या एका आठवड्यासाठी आला होता, हे मला नंतर त्याच्या मित्राकडून कळले. पुढच्या सत्रात त्याने अर्ज भरला नाही.

दोन दिवसांनी मी चेन-स्प्रॉकेटचा सेट टाकला. वहीत नोंद आहे: बाराशे, मजुरी दीडशे. वहीला तारीख, काम आणि रक्कम असे तीन रकाने आहेत. त्या दिवशीची रक्कम कुठे लिहायची हे मला सुचले नाही. नागसेनाचाही काही उपयोग झाला नाही. नवी-जुनीचा माझा सगळा हिशेब एका माणसाच्या खिशाचा होता आणि गाडीवर आम्ही दोघे होतो.

त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. गॅरेजवाल्याने 'बदला' म्हटलेली वस्तू त्याच आठवड्यात बदलायची. ती परवडत नसेल तर गाडी परवडत नाही असे समजायचे. आणि परीक्षेच्या दिवसांत घाटात ही गाडी काढायची नाही, पहाटेच्या एस. टी. ने जायचे. दुसरी गोष्ट मी पाळली आहे. पहिली बहुतेक वेळा पाळली आहे.

तो मुलगा गेल्या होळीला मोखाड्याच्या बाजारात भेटला. हप्त्यावर घेतलेली नवी मोटारसायकल होती, मागे बायको बसलेली. त्याने ओळख दिली, गाडी बाजूला घेतली, बायकोला "आमचे सर" असे सांगितले. मग माझ्या गाडीकडे पाहून वाकला आणि चेन बोटाने खालीवर करून पाहिली.

"ठीक आहे सर," म्हणाला. "थोडं ऑइल सोडा."