वॉर्डातली मागची रांग

चीनला एमबीबीएसला निघालेल्या मुलीला नातेवाईक आधी जेवणाचंच विचारतात. बार्शीत मलाही सगळ्यांनी तेच विचारलं होतं. २०१३च्या सप्टेंबरात तियानजिनला पोचले आणि तो प्रश्न लवकरच मिटला. कॅन्टीनमध्ये टोमॅटो घातलेलं अंडं, परतलेला बटाट्याचा कीस, वांगं, टोफू आणि भात रोज असायचा. शिवाय भारतीय मेस होती, तिथला आंध्रचा आचारी सांबार-भात वाढायचा. थंडीचंही तेच. नोव्हेंबरात शहराचं हीटिंग सुरू झालं की बाहेर पाणी गोठलेलं असलं तरी खोलीत साध्या कपड्यांवर बसता येई. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आम्हाला ज्या सोयीत ठेवलं होतं, त्या सोयीनेच आम्हाला चीनपासून दूर ठेवलं.

परदेशी विद्यार्थ्यांची इमारत स्वतंत्र होती. आमच्या खोलीत दोघी, खोलीला जोडून न्हाणीघर. चिनी मुली एका खोलीत सहा-सहा राहत आणि आंघोळीला टोपली घेऊन कॅम्पसमधल्या सार्वजनिक स्नानगृहात जात. त्यांचे वर्ग चिनीत, आमचे इंग्रजीत. त्यांची परीक्षा वेगळी, आमची वेगळी. सप्टेंबरात त्यांची पहिल्या वर्षाची मुलं हिरव्या गणवेशात लष्करी कवायत करायची आणि आम्ही खिडकीतून बघायचो. एकाच फाटकातून येजा करून आम्ही दोन विद्यापीठांत शिकत होतो.

चिनी भाषेचा तास होता, पण सीनियर सांगायचे, पास होण्यापुरतं कर. त्यांचंही खोटं नव्हतं. परत आल्यावर भारतात डॉक्टरकी करायला एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर हवेत, आणि त्यात चिनीचं काही कामच नाही. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. म्हणून मुलं रात्री भारतातून आणलेली पुस्तकं वाचत बसतात आणि चिनीचं पुस्तक कपाटात राहतं. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या चौथ्या पातळीला तेव्हा १२०० शब्द लागत. तेवढे पाठ करून परीक्षा पार करता येई. पण खाटेवरचं माणूस त्या १२०० शब्दांत बोलत नाही.

हे मला चौथ्या वर्षी वॉर्डात कळलं. राउंडला चिनी विद्यार्थी खाटेपाशी, आम्ही मागच्या रांगेत. लाओशी, म्हणजे आमचे शिक्षक, रुग्णाशी चिनीत बोलत, मग आमच्याकडे वळून दोन वाक्यांत इंग्रजीत सांगत: वय अमुक, दम लागतो, पायाला सूज आहे. झालं. दम कधीपासून, जिना चढताना की झोपल्यावर, रात्री उशा किती लागतात, हे सगळं त्या दोन वाक्यांत गळून जायचं. हिस्टरी घेणं हा डॉक्टरकीचा पाया, आणि आम्हाला ती शिजवून ताटात मिळत होती. हातात स्टेथोस्कोप असून मी प्रेक्षक होते, याचा मला फार राग यायचा. तो राग योग्य होता असं आजही वाटतं.

मग मी दुपारी एकटी वॉर्डात जाऊ लागले. पहिल्या आजी छातीत कोंडल्यासारखं होतं म्हणून भरती झाल्या होत्या. पुस्तकातली चिनी घेऊन गेले तर त्या अस्सल तियानजिनच्या, त्यांचा ‘श’ मला ‘स’ ऐकू यायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाई त्यांचं बोलणं मला सावकाश, स्वच्छ चिनीत सांगायच्या. आजींनी आधी माझीच हिस्टरी घेतली: आई-वडील काय करतात, भाऊ किती, लग्न झालं का, इतक्या लांब कशाला आलीस. नंतर स्वतःचं सांगितलं. औषध बरं वाटलं की त्या मध्येच बंद करत. ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, मुलालाही नव्हतं. मी लाओशींना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला आजींच्या खाटेपाशी उभं केलं.

तिथे आणखी एक गोष्ट दिसली. कॅन्सरचं निदान झालं की नातेवाईक डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणत, त्यांना सांगू नका. मग रुग्णाला अल्सर आहे वगैरे सांगितलं जाई. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मी हे अगदी असंच पाहिलंय. इंग्रजीतल्या व्याख्यानात रुग्णाच्या संमतीचं प्रकरण होतं. ते प्रत्यक्षात किती अवघड आहे हे वॉर्डाबाहेर उभं राहून, रुग्णाच्या बायकोचं आणि मुलाचं बोलणं समजल्यावरच कळलं.

एका एप्रिलमध्ये, पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा छिंगमिंगचा सण होता तेव्हा, मी रेल्वेने शिजियाझुआंगला गेले. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कबर आहे. सोलापूरचा, १९१० साली जन्मलेला हा माणूस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि ३२व्या वर्षी तिथेच वारला. आपल्याकडे त्यांचा त्याग सांगतात. मला मोलाचं वाटतं ते हे, की युद्ध चालू असताना ते चिनी शिकले, त्याच भाषेत जखमींशी बोलले आणि विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यांना कोणी वेगळी इमारत दिली नव्हती. कबरीपाशी शाळेची मुलं फुलं ठेवत होती आणि त्यांच्या बाई त्यांना कोटणीसांचं चिनी नाव, ख तिहुआ, सांगत होत्या.

आता भारतातून तिकडे जाणाऱ्या मुलांचे फोन येतात. ती फी आणि पासचं प्रमाण विचारतात, ते विचारायलाच हवं. पण मी त्यांना विद्यापीठाला आणखी एक प्रश्न विचारायला लावते: वॉर्डात परदेशी आणि चिनी मुलांचे गट एकत्र असतात का? माझ्या इंटर्नशिपच्या वर्षी आमचा गट एकत्र केला होता. मी हिस्टरी घ्यायची, माझ्या चिनी वाक्यांच्या चुका बरोबरच्या दोघी चिनी मुली दुरुस्त करायच्या, आणि इंग्रजीत केस मांडायची वेळ आली की त्यांची तयारी मी करून घ्यायची. नाइट ड्यूटी संपली की तिघी मिळून फाटकाबाहेरच्या गाडीवर मुगाच्या पिठाचं, अंडं फोडून केलेलं गरम धिरडं खायला जायचो आणि तिथेही रात्रीच्या केसवरून भांडायचो.