खोकल्यावर येते, मग जाते

मी परत परत सांगत होते, ‘‘डॉक्टर, ही गाठ खोकल्यावर येते आणि मग जाते.’’ कागदावर मात्र ‘मानेत गाठ’ एवढंच लिहिलं गेलं. तो राग अजून गेलेला नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना मोठ्याने हाक मारली की मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा यायचा. मऊ, बोटाने दाबला की दबणारा. हाताला ठोका लागायचा नाही. आडवी झाले की वाढायचा, उठून बसले की ओसरायचा. हे सगळं मी सांगितलं. खोकून दाखवते म्हटलं, तर ‘‘राहू द्या ताई, टीबीची असेल, सुई घालून तपासू,’’ असं उत्तर. सुई! रक्ताने भरलेल्या शिरेत!

त्याआधी सोनोग्राफी झाली म्हणून निभावलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ‘‘नाक-तोंड बंद करा आणि शौचाला बसल्यासारखा जोर लावा.’’ पडद्यावरचा काळा पट्टा डोळ्यांदेखत फुगला, श्वास सोडल्यावर आटला. ‘‘ही गाठ नाही, शीर आहे.’’ कलर डॉपलरने पक्कं झालं : एक्स्टर्नल ज्युग्युलर व्हेनचा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मानेतल्या बाहेरच्या शिरेला आलेला फुगा.

सर्जन म्हणाले, त्रास नसता तर ठेवलीही असती. पण दुखत होतं आणि आत गुठळी धरायला लागली होती. भूल देऊन, मानेच्या सुरकुतीत छेद घेऊन, शीर दोन्ही टोकांना बांधली आणि फुगलेला भाग काढला. रक्त दुसऱ्या शिरांतून वाट काढतं, म्हणून ही एक गेली तरी चालतं. कानाची पाळी अजून थोडी बधिर आहे. तिथली संवेदना नेणारी नस याच शिरेच्या शेजारून जाते.

पहिल्या डॉक्टरांनाही न्याय द्यायला हवा. टीबीच्या गाठी ते रोज बघतात, अशी शीर कदाचित कधीच पाहिली नसेल. तरी मला खोकू द्यायला काय हरकत होती?

जोर लावल्यावर फुगणारी गाठ असेल, तर सुईआधी डॉपलर मागा, मागायला लाजू नका. लहान मुलांत मानेतली आतली शीर फुगते, तेव्हा बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. ऑपरेशनची घाई होऊ देऊ नका. मी मात्र करून घेतलं, आणि पुन्हा वेळ आली तरी करून घेईन.