चौदावं पान

तुमच्या घरात कुणी हिशेब लिहिणारं माणूस आहे का? दुधाचा किंवा भिशीचा हिशेब म्हणत नाही मी. ज्यातून कधी एक रुपयाही हाती लागणार नाही, असा हिशेब. आमच्या घरी आहे. माझे बाबा कोल्हापुरात गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. आता घरीच असतात, पण एक वही अजून चालू आहे. आमच्या पेठेतल्या एका छोट्या फुटबॉल संघाची.

कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला कुस्ती आठवेल, तांबडा-पांढरा आठवेल. पण आमच्याकडे थंडी पडली की शाहू स्टेडियम भरायला लागतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं पेठेतल्या लहान पोरांनाही पाठ असतात. कित्येक संघांच्या नावात अजून ‘तालीम मंडळ’ आहे, कारण कुस्तीच्या तालमीतूनच ते उभे राहिले. आमचा संघ मात्र या यादीत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये तो नाही. छोट्या मैदानांवरच्या छोट्या स्पर्धांमध्ये खेळतो. पेपरात त्याची बातमी आली तर एका ओळीची, तीही दुसऱ्या संघाच्या विजयाची.

बाबांची वही अडतीतल्या खतावणीसारखीच आहे. मारलेले गोल ‘जमा’, खाल्लेले गोल ‘नावे’. खाली कार्डं, दुखापती, आणि सरावाला कोण हजर होतं त्याच्या खुणा. एका सामन्याला एक पान.

लग्न होऊन मी वर्षापूर्वी तंजावरला आले. नवऱ्याची बँकेतली नोकरी इथे, आणि माझं काम लॅपटॉपवर. मी कंटेंट लिहिते. मिक्सर, गाद्या, मुलांचे टिफिन, काहीही. साधी गोष्ट आकर्षक करून सांगायची, याचेच मला पैसे मिळतात. म्हणून हंगाम संपल्यावर संघाच्या सचिवकाकांचा फोन आला. “तू लिहितेस नव्हं? यंदाचा आढावा लिहून दे. पुढच्या जर्सीसाठी एका देणगीदाराला दाखवायचाय. आकडे बाबांकडनं घे. जरा चांगलं दिसेल असं कर.”

बाबांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. साखळी आणि बाद फेरीचे मिळून १४ सामने. मी एक्सेल उघडलं. ४ जिंकले, ३ बरोबरीत, ६ हरले. जमा १२, नावे १९. बेरीज १३ सामन्यांचीच होत होती. चौदाव्या पानावर वर तारीख, मैदानाचं नाव आणि ‘पाऊस’ एवढंच. खाली कोरं.

“बाबा, शेवटचं पान?”

“शाई संपली होती,” बाबा म्हणाले.

त्या पानावर काय असायला हवं होतं, ते मला माहीत होतं. माझा धाकटा भाऊ, घरी आम्ही त्याला बारक्या म्हणतो, त्या संघाचा बचावपटू आहे. शेवटचा सामना ०-१ ने गेला आणि तो एक गोल बारक्याच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला होता. त्या दिवसापासून त्याने बूट माळ्यावर टाकले होते. बाबांशी बोलणं ‘जेवलास?’ आणि ‘हो’ एवढ्यावर आलं होतं. आई रोज फोनवर सांगायची आणि मी इतक्या लांबून ऐकायची.

मग मी काय केलं सांगू? भावाला वाचवायला निघाले, आकड्यांनी.

बारक्याच्या नावावर गोल शून्य, दोन पिवळी कार्डं. देणगीदाराने नुसता हा रकाना पाहिला तर म्हणेल, हा पोरगा मैदानावर करतो काय? म्हणून मी दुसरा हिशेब मांडला. १३ पैकी ३ सामन्यांत तो ताप आल्यामुळे नव्हता. त्या ३ सामन्यांत आपण ७ गोल खाल्ले, म्हणजे सामन्याला दोनाहून जास्त. तो होता त्या १० सामन्यांत १२, म्हणजे सव्वाच्या आसपास. मी खुर्चीतच उडाले! बारक्या असला की गोल जवळजवळ निम्मे. मथळासुद्धा सुचला: ‘आमच्या संघाची न दिसणारी भिंत’.

त्या रात्री उत्साहाने फुटबॉलच्या आकडेवारीबद्दल वाचत बसले आणि चार्ल्स रीप नावाच्या इंग्रज माणसापाशी अडकले. हा हवाई दलात हिशेब बघणारा अधिकारी, म्हणजे एका अर्थी आमच्या बाबांचाच भाऊबंद. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्सचा सामना बघताना, मध्यंतरानंतर त्याने खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद करायला लागला. पुढे आयुष्यभर शेकडो सामने त्याने असेच नोंदवले. १९६८ मध्ये एका जोडीदाराबरोबर त्यावर शोधनिबंधही छापला. त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, म्हणून चेंडू लवकर पुढे मारा. ऐकायला पटतं. पण नंतरच्या अभ्यासकांनी त्याची चूक दाखवली. फुटबॉलमधल्या बहुतेक चढाया मुळातच तीन पासच्या आत संपतात, मग बहुतेक गोलही त्यातूनच येणार! किती गोल झाले ते रीपने पाहिलं, पण किती चढायांमागे किती, हे नीट तोललं नाही.

मी लॅपटॉप परत उघडला. ते ३ सामने पुन्हा पाहिले. ७ पैकी ५ गोल एकाच सामन्यात खाल्लेले होते. त्या पानाच्या कोपऱ्यात बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गोलरक्षक परीक्षेला. मधल्या फळीतला पोरगा गोलात उभा.’ तो सामना बाजूला काढला तर उरलेल्या २ सामन्यांत २ गोल. म्हणजे बारक्या नसतानाचा हिशेब तो असतानाच्या हिशेबापेक्षा बराच निघाला. माझी भिंत पडली. खरं तर इतक्या थोड्या सामन्यांवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. ना तो भारी, ना तो वाईट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंबरोबर मोठ्या मंदिरात गेले. इथे बृहदीश्वराला सगळे ‘पेरिय कोविल’ म्हणतात. मी नेहमी सरफोजीराजांचा मराठी शिलालेख बघायला थांबते. १८०३ मध्ये कोरलेला, भोसले घराण्याचा इतिहास. घरापासून एवढ्या लांब दगडात आपली भाषा दिसली की बरं वाटतं. त्या दिवशी बाईंनी मला जुन्या तमिळ लेखांपाशी नेलं. हे मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलं. त्याने दिलेल्या दागिन्यांची वजनं तर त्या लेखांत आहेतच, पण देवळात नाचणाऱ्या सुमारे ४०० जणींची नोंदसुद्धा आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या रस्त्यावर तिचं कितवं घर, आणि वर्षाला प्रत्येकीच्या वाट्याला १०० कलम भात.

मी बाईंना विचारलं, “त्यांच्यात सगळ्यात चांगली कोण नाचायची, ते लिहिलंय?”

बाई हसल्या. “नाही. कोण होत्या ते लिहिलंय.”

परत येताना मला २०१७ ची आठवण झाली. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होता आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचा हिशेब काढला तर ३ सामने, ३ पराभव, १ गोल जमा, ९ नावे. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण आमच्या गल्लीत कुणी बेरीज केली नाही. आपला पोरगा मैदानात होता, एवढंच सगळे सांगत होते. परक्याच्या पोराला आपण इतकं सहज मोठ्या मनाने बघतो. घरच्या पोराच्या बाबतीत मात्र डोळे थेट गोलांच्या रकान्यावर जातात. मार्क किती, पगार किती, अजून नोकरी का नाही. मीसुद्धा तेच केलं होतं. फक्त रकाना बदलून.

घरी येऊन बारक्याला फोन लावला. म्हटलं, “आढावा अडलाय. चौदावं पान कोरं आहे. तू सांग, मी लिहिते.”

बराच वेळ तो गप्प. मला वाटलं, फोन ठेवला. मग म्हणाला, “लिही. ६३वं मिनिट. कॉर्नर त्यांचा. पहिला चेंडू आमच्या गोलीने ठोसा मारून काढला. परत आत आला. मी पाय घातला, चिखलात घसरला. स्वयंगोल. माझं पूर्ण नाव लिही, ताई. ‘बचावपटू’ असं लिहू नकोस.”

मी लिहिलं.

“झालं?”

“थांब. ७१व्या मिनिटाला त्यांचा एक चेंडू लाईनवरनं काढलाय. तोपण मीच. तेबी लिही.”

तेही लिहिलं. मग तो सांगतच राहिला. कुणाचा घोटा मुरगळला, शेवटच्या दहा मिनिटांत कोण लंगडत खेळलं, गोली कसा रडला, सामना संपल्यावर कोण एकटा खांबाची जाळी सोडत बसला होता. यातलं माझ्या एक्सेलमध्ये कुठेच बसत नव्हतं. मी सगळं लिहून घेतलं आणि बाबांना पाठवलं.

सचिवकाकांना जो आढावा दिला त्यात ‘भिंत’ नाही. १४ सामने, ४ विजय, ३ बरोबरी, ७ पराभव. जमा १२, नावे २०. खाली सगळ्या पोरांची पूर्ण नावं, सरावाच्या हजेरीसकट. काका म्हणाले, “हे काय आकर्षक नाही झालं.” मी म्हटलं, “काका, हिशेब आहे.” जर्सीचं अजून ठरायचंय.

बाबांचं उत्तर रात्री उशिरा आलं. चौदाव्या पानाचा फोटो, निळ्या शाईत, त्यांच्या अक्षरात. बारक्याने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं. फक्त एका ठिकाणी खाडाखोड होती, आणि खाली मला मेसेज:

“६३ नव्हे, ६४. माझ्या घड्याळात ६४ होतं. बारक्याला विचार.”

मी नाही विचारलं. त्यांना लिहिलं, “तो शेजारच्या खोलीतच आहे. तुम्हीच विचारा.”