आधी अडचण, मग अवयव

बालभारतीच्या सातवीच्या विज्ञानात पहिलंच प्रकरण सजीवांच्या अनुकूलनाचं आहे. जूनमध्ये शाळा उघडते, पुस्तकं हातात पडतात, आणि बाहेर आमच्या शिरोडा गावात पाऊस कोसळत असताना मुलं उंट आणि निवडुंग पाठ करू लागतात. उंटाच्या मदारीत चरबी असते, निवडुंगाच्या पानांचे काटे झालेले असतात. पाठ व्हायला अवघड काहीच नाही. पण काटे झाल्यामुळे निवडुंगाचं नेमकं काय वाचलं, असं विचारलं की वर्ग गप्प. चहूबाजूंनी पागोळ्या गळत असताना पाण्याची टंचाई मुलांच्या डोळ्यांसमोर येणार कशी? म्हणून हे प्रकरण मी मागे ठेवते. दिवाळीनंतर, ऊन तापू लागलं की, मुलांना घेऊन मिठागरांच्या बाजूला खाडीच्या चिखलात जाते.

दिवस तिथी बघून ठरवायचा. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, हा हिशेब इथल्या मासेमारांच्या घरातल्या मुलांना माझ्याआधी येतो. पंचमी-षष्ठीच्या सुमाराला सकाळच्या शाळेच्या वेळेत पाणी ओसरलेलं असतं. अमावास्येला गेलात तर दुपारच्या आत चिखल पाण्याखाली.

निघण्याच्या काही दिवस आधी वर्गात दोन कामं होतात. चवळीची रोपं दोन डब्यांत लावतो. एकाला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला खाडीचं. खाडीचं पाणी प्यायलेली रोपं लवकरच माना टाकतात. मुलांना याचं खरंच आश्चर्य वाटतं, कारण त्या रोपांची माती ओलीचिंब असते. मग मी कैरीचं विचारते. फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने ताटलीत काय साचतं? पाणी सुटतं, हे प्रत्येकाने घरी पाहिलेलं असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. असं पाणी मुळांना पाणी देणं दूरच, उलट त्यांच्यातलंच ओढून घ्यायला बघतं. पाण्यात उभं राहूनही तहानलेलं राहावं लागणं, ही खाडीकाठच्या झाडाची अडचण. ती कळल्याशिवाय मी एकाही झाडाचं नाव सांगत नाही.

चिखलात पोचल्यावर पहिलं झाड तिवर. पान उन्हात तिरकं धरलं की त्यावर बारीक पांढरी कणी चमकते. मग एकेकाने जिभेचं टोक लावायचं.

‘‘बाई, ह्यां मीठ खयसून इलां?’’

माझ्या सगळ्या शिकवण्यात मला सर्वांत प्रिय असलेला प्रश्न हा. उत्तर मी लगेच देत नाही. शेजारच्या कांदळाचं पान चाखायला लावते. ते तसं खारट लागत नाही. तिवर मीठ आत घेतं आणि पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळ बरंचसं मीठ मुळांशीच अडवतं. एकाच अडचणीवर शेजारशेजारच्या दोन झाडांनी दोन वाटा काढलेल्या आहेत, हे मुलं जिभेने शिकतात. ज्या गावात 1930 साली लोकांनी मिठासाठी सत्याग्रह केला, त्या गावातल्या मुलांना मीठ घालवण्यासाठी झटणारं झाडही ओळखता यायला हवं.

इथे शिक्षकाने एक पक्कं लक्षात ठेवावं. याच रांगेत गेवा असतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं, कातडीवर फोड येतात. म्हणून मी ओळखून हातात दिलेल्या पानाखेरीज कशालाही जीभ लावायची नाही, आणि फांदी मोडायची नाही.

दुसरी अडचण चिखलाची. काठी खुपसून बाहेर काढली की काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. आत हवा नाही, असं मुलं वासावरूनच ओळखतात. मग तिवराभोवती पेन्सिली रोवाव्यात तशी उभी असलेली मुळं कशाला आहेत, हे सांगावं लागत नाही. भिंगातून त्यांच्यावरची छिद्रं दाखवली की पुरे. पांढरी चिपी हे 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष. तिचीही श्वासमुळं अशीच वर येतात. तेलाचा तवंग किंवा मातीचा भराव या छिद्रांवर बसला तर उभं झाड गुदमरून मरतं, हेही मी तिथेच सांगते. सातवीतल्या मुलांना ते सांगायलाच हवं.

निवटी दिसली की वर्ग माझ्या हातून जातो, आणि जाऊ द्यावा. मासा असून चिखलावर उड्या मारते, डोळे डोक्यावर, ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून श्वास घेते. मुलं तिच्यामागे धावतात तेव्हा ती बिळाकडे का पळते, हे त्यांना पाहू द्यावं.

सर्वांत कठीण भाग याच्यापुढचा. ‘झाडाने ठरवलं आणि पानातून मीठ बाहेर काढलं,’ असं मुलं हमखास म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात. त्यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. मी त्यांना कांदळाखाली नेते. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, त्याची लांब शेंगेसारखी रोपं पावसाच्या दिवसांत खाली पडतात. दिवाळीनंतर पाहावं तर कित्येक आडवी पडून कुजलेली, काही कुर्ल्यांनी कुरतडलेली, थोडीच ताठ उभी. मुलं मोजतात, जगलेली किती आणि गेलेली किती. मग विचारायचं: पुढच्या पिढीचं बी कुणाचं असणार? जगलेल्यांचं, हे उत्तर कुणीतरी देतंच. एका झाडाने काही ठरवलेलं नाही. जी थोडी वेगळी होती ती टिकली, आणि त्यांचंच वेगळेपण पिढ्यान्‌पिढ्या पुढे आलं. वर्गात हे समजावताना मुलांचे डोळे भिरभिरतात; चिखलात वाकून रोपं मोजताना भिरभिरत नाहीत.

परत आल्यावर उंटाचं पान उघडते. आता मुलंच विचारतात, वाळवंटात अडचण कसली? वाळू, ऊन, पाणी नाही, अशी यादी फळ्यावर होते, आणि पुस्तकातली वाक्यं ती स्वतः रचतात.

घाटावरच्या शिक्षकांना खाडी मिळणार नाही, पण माळ आहे, तळं आहे, कोरडा ओढा आहे. उन्हाळी सुट्टी लागण्याआधी मुलांना माळावर न्या. एवढ्या उन्हात हिरवं काय राहिलंय ते शोधू द्या, आणि पुस्तक घरी आल्यावर उघडा.