नळीचा पीळ

मराठीच्या अध्यापकांनी हवाई बंदुकीच्या नळीविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्हां दोघांचा या विषयाशी संबंध आला तो महाविद्यालयाच्या दहा मीटरच्या रेंजमुळे. तिची देखरेख काही वर्षे आमच्याकडे होती, आणि कोणाचा नेम चुकला की आमचे निदान ठरलेले असे : "लक्ष नाही."

हे निदान ज्याला आम्ही सर्वांत जास्त वेळा ऐकवले, तो विद्यार्थी आता अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. गेल्या वर्षी त्याने टार्गेटच्या दोन कागदांची छायाचित्रे पाठवली. बंदूक एकच, ०.२२ इंच व्यासाची. अंतर ५० यार्ड. एका कागदावर छर्ऱ्यांची भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ. दुसऱ्यावर स्लगची भोके तळहातभर विखुरलेली. खाली प्रश्न : "सर, चूक कोणाची?" आम्ही सवयीने लिहिले, श्वास सांभाळ, घाई करू नकोस. त्याचे उत्तर आले, "मग पहिल्या कागदावर श्वास कोणाचा होता?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही वाचायला बसलो.

आपल्याकडे दुकानदार साध्या छर्ऱ्यालाही 'स्लग' म्हणताना आढळतात. इथे अभिप्रेत आहे तो बंदुकीच्या गोळीसारखा सरळ, दंडगोल शिशाचा तुकडा. छर्रा कमरेत बारीक असतो. त्याचे डोके जड आणि मागचा घेर पोकळ. हवेचा दाब आला की तो पातळ घेर फुलतो आणि नळीतल्या मळसूत्री खाचांना घट्ट बसतो. बाहेर पडल्यावर बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे हवाच त्याची शेपटी मागे ओढून धरते. त्यामुळे त्याला फिरकी लागते ती बेताचीच. छर्ऱ्यांच्या नळ्यांत साधारणपणे १६ ते १८ इंचांत एक फेरा असा सैलसर पीळ असतो. तो फार घट्ट असला, तर लांबच्या अंतरावर वेग उतरतो पण फिरकी तशीच राहते आणि छर्रा गिरकी घेत भरकटतो.

स्लगला असा घेर नाही. तो भोवऱ्यासारखा आहे. फिरतो तोवरच ताठ राहतो. वुलिचच्या तोफखाना महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली जे सूत्र मांडले त्याचे सार असे, की एकाच व्यासाच्या गोळ्यांत जी अधिक लांब, तिला अधिक घट्ट पीळ हवा. म्हणून आखूड, हलका स्लग छर्ऱ्याच्या नळीतूनही कधी नीट जातो. लांब, जड स्लग घ्यायचा तर पीळ तपासावाच लागतो.

पण पिळाआधी पाहावे लागते ते माप. छर्ऱ्याचा फुलणारा घेर नळीतला लहानसा फरक सांभाळून घेतो. स्लग जवळजवळ सबंध लांबीने नळीला घासत जातो, म्हणून ०.२१६, ०.२१७ आणि ०.२१८ इंच अशी त्याची वेगवेगळी मापे विकत मिळतात. हजारांश इंचाने सैल झाला तर तो डळमळतो, घट्ट झाला तर अडतो. शिवाय छर्ऱ्यांच्या कित्येक नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात. या आवळण्याला चोक म्हणतात. सगळे छर्रे त्यातून सारख्या मापाचे होऊन निघतात. स्लगची मात्र तिथे अखेरच्या क्षणी गळचेपी होते. जड स्लगला हवेचा जोरही जास्त लागतो. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या व्यासाच्या किंवा २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागत असल्याने आमच्या रेंजवर हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

त्याने मऊ शिशाचा तुकडा नळीतून हाताने ढकलून तिचे माप घेतले आणि तिन्ही व्यासांचे स्लग थोडे थोडे आणून पाहिले. पुंजका लहान झाला, पण मनाजोगा नाही. मग त्याने चोक नसलेली, अधिक घट्ट पिळाची दुसरी नळी घेतली. भोके जवळ आली. जुनी नळी त्याने टाकली नाही. छर्ऱ्यांसाठी तीच चांगली, असे त्याने कळवले.

आम्हांला मात्र दुसरीच गोष्ट टोचत राहिली. स्पर्धेतले नेमबाज ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांतही डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० हे आपल्या नळीवर पारखून घेतात. आम्ही सगळ्यांना एकाच डबीतले छर्रे वाटत होतो. त्या मुलाच्या वाट्याला नेहमी येणारी जुनी बंदूक केव्हाच भंगारात गेली. तिची नळी कशी होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या वर्षी त्याने संघ सोडला, तेव्हा आम्ही त्याला अडवले नव्हते.

हे सारे आम्ही त्याला लिहून कळवले. त्याने उत्तरादाखल तिसऱ्या कागदाचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, "सर, यात एक भोक लांब आहे. ते माझेच. तेव्हा खरोखरच लक्ष नव्हते."