भरलें घर आणि रिकामा दिवस

सेवानिवृत्त झालेल्या मनुष्यास जो तो एकच उपदेश करतो, "आतां स्वस्थ बसा." अठ्ठावन्नाव्या वर्षीं आम्हीं शाळेचा निरोप घेतला, तेव्हां हारतुऱ्यांबरोबर हा उपदेशहि आमच्या पदरीं भरपूर पडला. उपदेश करणारांच्या सद्‌भावनेविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु अशा स्वस्थ बसण्यानें मनुष्याचें स्वास्थ्य वाढतें कीं खालावतें, या प्रश्नाचा शोध युरोपांतील कांहीं विद्वानांनीं फार बारकाईनें घेतलेला आहे. तो वृत्तांत वाचल्यापासून या उपदेशाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस तो उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें सादर करतों.

ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहरानजीक मारिएन्टाल नांवाची गिरणी-कामगारांची एक वसाहत आहे. सारी वस्ती एका कापडगिरणीच्या आधारानें जगत होती. १९२९-३० च्या सुमारास जगभर मंदीची लाट आली, तींत ही गिरणी बंद पडली. आणि ४७८ कुटुंबांच्या व १,४८६ माणसांच्या त्या वस्तींत सुमारें तीन चतुर्थांश घरांतून कोणासहि काम म्हणून उरलें नाहीं. १९३१-३२ च्या हिवाळ्यांत व्हिएन्ना विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाशीं निकट संबंध असलेल्या एका संशोधन-संस्थेची मंडळी तेथें गेली. मारी याहोडा या विदुषी, आणि पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल हे त्यांचे सहकारी, हीं त्यांतील प्रमुख नांवें होत. त्यांचा ग्रंथ १९३३ सालीं प्रसिद्ध झाला.

या मंडळींची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. केवळ बघे म्हणून गांवांत पाऊल टाकावयाचें नाहीं, असा त्यांनीं नियमच केला होता. कोणी गरजूंस कपडे वांटले, कोणी रोग्यांस तपासलें, कोणी कपडे बेतण्याचा वर्ग चालविला, तर कोणी मुलींस व्यायाम शिकविला. गांवाच्या उपयोगी पडतां पडतां त्यांनीं गांव पाहिलें.

आणि त्यांना काय दिसलें? वेळ मुबलक मिळाल्यावर लोक निदान वाचूं तरी लागले असतील, अशी कोणाचीहि कल्पना होईल. तेथें ग्रंथालय होतें. पूर्वी पुस्तकासाठीं थोडे पैसे द्यावे लागत, तेहि आतां माफ झाले होते. तरीहि १९२९ पासून दोन वर्षांत पुस्तकें नेण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. बहुतेक पुरुषांनीं खिशांत घड्याळ बाळगणें सोडून दिलें होतें. सकाळपासून दुपारपर्यंत काय केलें, असें विचारलें तर कित्येकांस उत्तरच देतां येईना. संशोधकांनीं एका खिडकीआड उभें राहून रस्त्यावरील लोकांची चाल मोजली. पुरुष चारदोन पावलें टाकीत आणि थांबत, पुन्हां निघत आणि पुन्हां थांबत. बायका मात्र झपझप निघून जात. बायकांस घरकाम होतें, चूल होती, मुलें होतीं. त्यांचें वेतन गेलें होतें, काम गेलें नव्हतें. परंतु येवढ्यावरून बायकांस चूल पुरेशी आहे असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. कारण त्यांतीलच कांहीं जणी म्हणाल्या कीं, गिरणी पुन्हां सुरू झाली तर आम्ही आनंदानें जाऊं, आणि तें केवळ पैशासाठीं नव्हे. चार भिंतींच्या आंत जीव कोंडतो.

पुढें याहोडाबाईंनीं इंग्लंडमध्यें राहून या विषयाचें दीर्घ मनन केलें आणि १९८२ सालीं आपले विचार ग्रंथरूपानें मांडले. त्यांचा इत्यर्थ असा: कामापासून मनुष्यास वेतन मिळतें, तें तर सर्वांसच दिसतें, परंतु न दिसणाऱ्या आणखी पांच गोष्टी मिळतात. दिवसाला आकार येतो. घराबाहेरील माणसांशीं नित्य संबंध येतो. अनेकांनीं मिळून करावयाच्या कार्यांत आपला वाटा राहतो. समाजांत आपणांस कांहीं एक ओळख लाभते. आणि हातपाय व बुद्धि नियमानें चालतीं राहतात. काम सुटलें म्हणजे वेतनाबरोबर या पांचहि गोष्टी एकदम सुटतात.

यांतील दुसऱ्या गोष्टीपाशीं आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी विनंती आहे. विदुषीनें 'घराबाहेरील' हा शब्द विचारपूर्वक घातला आहे. आपणां एकत्र कुटुंबांतील लोकांस वाटतें कीं, घरांत दहा माणसें वावरत असतां एकटेपणा कसला? परंतु घर आणि समाज या दोन भिन्न वस्तु आहेत. घरांत आपण असतों तें नात्यानें. समाजांत आपण असतों तें कांहींतरी करण्यानें. पहिली वस्तु कितीहि भरपूर मिळाली तरी दुसरीची उणीव ती भरून काढूं शकत नाहीं.

आमच्याच घरचें उदाहरण देतों. मुलगा कर्तबगार आहे, सूनबाई सुशील आहे, नातवंडें लाघवी आहेत. आम्हांस कांहीं कमी नाहीं. परंतु पहिल्या वर्षभरांत प्रेमापोटींच एकेक काम आमच्या हातून अलगद निघून गेलें. विजेचें बिल मोबाइलवर भरलें जाऊं लागलें. भाजी दारांत येऊं लागली. बँकेंत पुस्तक भरून आणण्याचें कारण उरलें नाहीं. नातवाचा अभ्यास शिकवणीवर्गाकडे गेला. "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतां?" हें वाक्य ऐकलें नाहीं, असा दिवस जाईना. त्या वाक्यांत माया होती, आणि ती होती म्हणूनच त्यास उत्तर देतां येईना.

गेलीं तीन वर्षें आम्ही आठवड्यांतून दोनदां गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत फाटक्या पुस्तकांची डागडुजी करतों. बरोबर एक पूर्वी छापखान्यांत खिळे जुळविणारे गृहस्थ आहेत, आणि पलीकडच्या आळींतील एक बाई आहेत. कोणी पुठ्ठा कापतो, कोणी दोरा ओवतो, बाई खळ शिजवून आणतात. तिघांची जात, शिक्षण, मिळकत यांपैकीं कांहींच जुळत नाहीं, आणि त्यामुळें कांहीं अडतहि नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तापामुळें आमच्या दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या खेपेस ते गृहस्थ भिजलेली छत्री घेऊन दारांत उभे! म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वाटणीचीं पुस्तकें तशींच पडलीं आहेत. बाईंची खळ दोनदां फुकट गेली. केव्हां येतां?" घरच्यांनीं आमच्या तापाची चौकशी शंभरदां केली होती, काढा दिला होता, पाय चेपले होते. परंतु "केव्हां येतां?" हें आम्हांस कित्येक दिवसांत कोणीं विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आमचा ताप उतरला. तो औषधानेंच उतरला, यांत शंका नाहीं. तथापि अंथरूण सोडण्यास कारण मिळालें, तें त्या प्रश्नानें.

संस्कृताच्या अभ्यासामुळें येथें एक गोष्ट सहज आठवते. 'विश्राम' आणि 'आश्रम' हे दोन्ही शब्द 'श्रम्' या एकाच धातूपासून निघालेले आहेत. उतारवयांतील वानप्रस्थासहि आपल्या पूर्वजांनीं 'आश्रम' असेंच नांव दिलें, 'विश्राम' असें दिलें नाहीं.

मात्र हा प्रश्न केवळ पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्यांचा आहे, असें समजूं नये. ज्याच्या घरीं चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्यास सहवासाचें माहात्म्य सांगणें हें क्रौर्य होय. त्यास वेतन आधीं हवें. हें जाणूनच २०२० च्या ऑक्टोबरांत त्याच मारिएन्टालच्या परिसरांत एक नवा प्रयोग सुरू झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या तेथील प्रत्येक रहिवाशास, त्याची इच्छा असल्यास, वेतनासह काम देण्याची हमी देण्यांत आली. ऑक्सफर्ड व व्हिएन्ना येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं त्याची पाहणी केली. कोणास आधीं काम मिळावें व कोणास मागाहून, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें, म्हणून तुलना चोख झाली. शरीरप्रकृतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. परंतु मिळकतीची शाश्वती, दिवसाची घडी, लोकांशीं संबंध आणि समाजांत आपणांस स्थान आहे ही भावना, या सर्वांत स्पष्ट सुधारणा दिसली. नव्वद वर्षांपूर्वीं त्याच भूमींत जें हरवलें म्हणून नोंदलें गेलें होतें, तेंच काम मिळतांच परत आलें.

आपल्या महाराष्ट्रांत तर 'मागेल त्याला काम' हें तत्त्व वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें रोजगार हमी योजनेच्या रूपानें फार पूर्वींच व्यवहारांत आलें, आणि १९७७ सालीं त्याचा कायदाहि झाला. त्या योजनेचा हेतु दुष्काळांत पोट भरण्याचा होता, हें खरें. परंतु दान म्हणून नव्हे, तर हक्काचें काम म्हणून भाकरी देण्यांत जी दृष्टि आहे, ती हीच.

सरकारनें करावयाचें तें सरकार करील. घरांतून करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. घरांतील वृद्धांचीं सगळीं कामें काढून घेऊं नयेत. एखादें तरी असें ठेवावें कीं, तें त्यांनीं न केल्यास खरोखरच अडावें. लुटुपुटीचें काम देऊं नये. म्हाताऱ्या माणसांस तें तेव्हांच कळतें. आणि घरांतील सुना, सासवा, परत आलेल्या लेकी यांसहि आठवड्यांतून कांहीं तास उंबऱ्याबाहेर असें एखादें ठिकाण असूं द्यावें कीं, जेथें त्या कोणाच्या सून वा सासू म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नांवानें ओळखल्या जातील. त्या वेळेपुरता घरांतील चहा घरच्या पुरुषांनीं करावा. आमच्याकडे मंगळवारीं तो आम्ही करतों. साखर थोडी अधिक पडते, अशी तक्रार आहे. ती आम्ही विचारांत घेतली आहे.